कतारगामची बा

वाचकहो, सुरत शहर आपणांस परके नाही. आमच्या धर्मग्रामात असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातील एखादे तरी माणूस नवापूरच्या स्टेशनावर गाडीत बसून सोनगड, व्यारा, बारडोली मागे टाकीत उधन्यास वा सुरतेस उतरलेले नाही. कोणी कापडबाजारात गाठोडी वाहतो, कोणी मागावर उभा राहतो, कोणी ऊसतोडीच्या हंगामापुरता बारडोलीकडे राहून परत येतो. आमच्या मुली मात्र अलीकडे एका निराळ्याच कामास जाऊ लागल्या आहेत. शहरातील मुलगे-सुना दिवसभर कामावर, काही तर साता समुद्रांपलीकडे; मग अंथरुणास खिळलेल्या आईबापांचे अंग पुसणे, त्यांस भरविणे, कुशीवर वळविणे, त्यांचे मलमूत्र काढणे, ह्यांसाठी पगारी माणसे लागतात. कोठे ती घरी येतात, तर कोठे म्हाताऱ्यांनाच एखाद्या खाजगी शुश्रूषागृहात नेऊन ठेवतात. अशाच एका घरात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी दोन वर्षे आया म्हणून राबत होती. ते घर कतारगाम भागात होते. त्याचे नाव, मालकाचे नाव, मुलीचे नाव आम्ही येथे देणार नाही, आणि ओळख पटेल अशा काही खुणाही बदलल्या आहेत. जे घडले ते मात्र बदललेले नाही. त्यात आमच्या हातून झालेली चूकही आली.

कतारगाम म्हणजे सुरतेच्या जुन्या कोटाबाहेरचा उत्तरेकडील भाग. आज तेथे गल्लोगल्ली हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आहेत. परंतु इतिहासाची गोडी असलेल्या माणसाचे पाय अडखळतात ते कतारगाम दरवाज्याजवळच्या जुन्या दफनभूमींपाशी. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा सर जॉर्ज ऑक्झंडन १६६९ साली वारला. त्याची घुमटाकार समाधी तेथे आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड १६९१ साली वारला. त्याचीही कबर जवळच आहे. मेलेल्यांसाठी बांधलेले ते वाडे सव्वातीनशे वर्षे टिकले आहेत. त्याच काळात, १६८९ साली, जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेस आला होता. येथील वाण्यांनी म्हाताऱ्या गाई-घोड्यांसाठी चालविलेल्या दवाखान्याचे त्याने वर्णन करून ठेवले आहे. पिसवा-ढेकणांसाठीही तेथे सोय असे, आणि त्यांस रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवीत. तो चावे असह्य होऊन पळू नये म्हणून त्यास खाटेशी बांधीत, असे तो लिहितो. ह्यात परदेशी प्रवाशाची अतिशयोक्ती नसेलच असे नाही. सेमिनरीत असताना हे वाचून आम्ही हसलो होतो. पुढे त्याच शहरात खाटेशी बांधलेल्या एका माणसाविषयी ऐकण्याची पाळी आमच्यावर येईल, असे तेव्हा मनातही आले नाही.

ती मुलगी पावसाळ्याच्या तोंडाशी पेरणीसाठी म्हणून चार दिवस घरी आली होती. रविवारच्या पवित्र मिस्सानंतर लोक पांगले, तरी ती धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर खांबाला टेकून उभी राहिली. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. ती जे बोलली ते ओट्यावर बोलली, पापनिवेदनात नव्हे. पापनिवेदनात ऐकलेले एक अक्षरही, कोणाचे प्राण वाचविण्यासाठीसुद्धा, धर्मगुरूला बाहेर काढता येत नाही. तसे असते तर हा लेख आम्हांस लिहिता आला नसता. अशा वेळी धर्मगुरूला एवढेच करता येते, की समोरच्या माणसास विनवावे: बाळ, हेच तू बाहेर येऊन, पापनिवेदनाशिवाय सांग.

ती म्हणाली, "फादर, कोणाला सांगू नका. पण माझ्याने आता बघवत नाही."

मग तिने सांगितले ते असे. तेथे वीसएक म्हातारी माणसे आणि रात्रपाळीला दोन आया. त्यांत सौराष्ट्राकडील एक आजी होती. सगळे तिला बा म्हणत. बाला अर्धांगवायू झाला होता, बोलणे तुटक येत असे, नाकात नळी होती. ती नळी ओढते म्हणून जुन्या साडीच्या पट्टीने तिचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांस बांधीत. प्रथम रात्रीपुरते, पुढे दिवसाही. संध्याकाळी सर्वांना झोपेची गोळी. कोणाला डॉक्टरने लिहून दिली आहे आणि कोणाला नाही, हे कोणी पाहत नसे. अंथरूण ओले झाले तरी सकाळपर्यंत तसेच. बाच्या पाठीला जखमा पडल्या होत्या, त्यांचा वास येई, आणि रविवारी मुलगा भेटीस येण्यापूर्वी तिला अत्तर लावून, स्वच्छ चादर गळ्यापर्यंत ओढून ठेवीत. एका आजोबांना देखरेख करणाऱ्या बाईने थोबाडीत मारलेले मुलीने डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी ताट सांडले.

"तू मालकांना सांगितलंस?" आम्ही विचारले.

"सांगितलं. ते म्हणाले, तुला जमत नसेल तर तुझ्या गावच्या दहा मुली रांगेत उभ्या आहेत."

आम्ही तिला धीर दिला, पाहतो असे म्हणालो, आणि तीन आठवडे काहीही केले नाही.

त्या तीन आठवड्यांत मनास काय काय वाटले, हे लिहावयास संकोच वाटतो. परंतु वाचकांपैकी कित्येकांच्या मनातही तेच येते म्हणून लिहितो. ते घर आमच्या धर्मग्रामातले नाही, आमच्या जिल्ह्यातले नाही, आमच्या राज्यातलेही नाही. बा आमच्या धर्माची नाही. दिवस असे आहेत, की ख्रिस्ती धर्मगुरूने परक्यांच्या संस्थेविरुद्ध अर्ज केला तर त्यातून भलतेच काही काढले जाईल आणि आमच्या शाळेला, वसतिगृहाला त्याची झळ लागेल. शिवाय पुरावा काय? एका मुलीचा शब्द. ती खोटे बोलत नसेल, पण तिची समजूत चुकत असेल. नळी ओढू नये म्हणून हात बांधणे कदाचित वैद्यकशास्त्रास धरून असेल. आम्ही काही डॉक्टर नव्हे. अशी कारणे एकामागून एक आली आणि प्रत्येक कारण दिसावयास सभ्य होते. येरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर घायाळ माणूस पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेलेल्या त्या याजकाजवळही अशीच काही सभ्य कारणे असतील. त्या दाखल्यावर आम्ही किती प्रवचने केली असतील, त्याची मोजदाद नाही.

शेवटी टोचणी असह्य झाली, तेव्हा आम्ही उठलो. परंतु गेलो ते चुकीच्या दारी. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात अपराधी बंधूला प्रथम एकांती समजावण्याची शिकवण आहे. ती डोळ्यांपुढे ठेवून आम्ही सकाळच्या गाडीने सुरतेस गेलो आणि रिक्षाने कतारगामला त्या घराच्या मालकांची भेट घेतली. गृहस्थ अत्यंत सुशील. त्यांनी चहा मागविला. "फादरसाहेब, आपण आलात, आमचं घर पावन झालं," असे म्हणाले. आम्ही कोणाचेही नाव न घेता, कानावर काही गोष्टी आल्या आहेत, असे आडवळणाने बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हात बांधणे डॉक्टरच्या सल्ल्याने होते असे सांगितले, आणि आम्हांस दालन दाखविले. फरशी पुसलेली, पडदे धुतलेले, म्हातारी माणसे झोपलेली. सकाळचे अकरा वाजले होते, आणि झाडून सारी माणसे झोपलेली! हे डोळ्यांस दिसत असूनही तेव्हा खटकले नाही. निघताना त्यांनी सहज विचारले, "आमच्याकडे आपल्या गावची एक मुलगी आहे, नाही का?"

आम्ही होय म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

तिसऱ्या दिवशी मुलगी गावी परत आली. तिला काढून टाकले होते, महिन्याचा पगारही दिला नव्हता. निघण्यापूर्वी तिने पाहिले ते एवढे, की बाची खाट पुढच्या दालनातून उचलून मागच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या खोलीत नेली होती. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "फादर, मी तुम्हांला सांगितलं होतं. तुम्ही त्यांना सांगितलंत."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या वृद्ध गुरुजींनी संत थॉमस अक्वायनस ह्यांचे ह्याच विषयावरील विवेचन घोटून घेतले होते. परीक्षेत आम्हांस त्यात बरे गुणही मिळाले होते. संत थॉमस म्हणतात, की गुप्त पापे दोन प्रकारची असतात. ज्याने पाप करणाऱ्याचेच नुकसान होते, तेथे आधी एकांती समज द्यावी. परंतु ज्याने दुसऱ्याचा घात होत आहे, उदाहरणार्थ शहर शत्रूच्या हाती देण्याचा कोणी गुप्त कट करीत आहे, तेथे एकांती समजावीत बसू नये. तत्काळ उघड करावे. मात्र समज दिल्याने घात तिथल्या तिथे थांबेल अशी पक्की खात्री असेल तर गोष्ट निराळी. आम्हांस कसली खात्री होती? चहा चांगला होता, एवढीच. मालकाला पूर्वसूचना देऊन आम्ही बंधुप्रेम केले नव्हते. बाला मागच्या खोलीत नेण्यास त्यांना तीन दिवस दिले होते.

सकाळी आम्ही आमच्या दवाखान्यातील सिस्टरांकडे गेलो. त्या परिचारिका असून अनेक वर्षे ह्याच भागात काम करीत आहेत. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "फादर, पुरावा शोधणं हे आपलं कामच नाही. घरात धूर दिसला तर आपण हाक मारतो. आग कोणी लावली ते बघणारे निराळे." आणि त्यांनी मुलीला शाळेची एक वही दिली. काय पाहिले तेवढेच लिहायचे. कधी पाहिले, कोणत्या खाटेवर, त्या वेळी आणखी कोण होते, हे लिहायचे. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहायचे. दुष्ट, राक्षस असले शब्द वापरायचे नाहीत. मुलीने साडेचार पाने लिहिली. त्यातील अक्षर वेडेवाकडे होते, परंतु पुढे जे काही झाले ते त्या साडेचार पानांमुळे झाले.

ह्या निमित्ताने कायद्याची जी माहिती आम्हांस झाली, ती आपल्या घरोघरी असावी. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. साठ वर्षे वा त्यावरील माणसास ज्येष्ठ नागरिक म्हणावे, असे तो सांगतो. त्याखाली प्रांतसाहेबांच्या पदाच्या अधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरण चालते. म्हाताऱ्यास स्वतः जाता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेले दुसरे माणूस वा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकते. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने म्हाताऱ्यास कायमचे टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्याच्या सातव्या कलमात तर कोणाही माणसाला, अपंगाचा छळ होत आहे वा होण्याचा संभव आहे असे मानण्यास कारण असेल, तर ते कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळविण्याची मुभा आहे. खात्री असेल तर असे कायदा म्हणत नाही. मानण्यास कारण असेल तर, असे म्हणतो. अर्धांगवायूने पडलेली बा ह्या कायद्याखाली येईल, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्याने मानसिक रुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५७ व्या कलमाप्रमाणे, असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचा करार पत्करून ती जाणूनबुजून न करणे हा गुन्हा आहे. तो नवा नाही. जुन्या दंडविधानातही तो होता, दंड तेवढा दोनशे रुपयांपर्यंतच होता.

ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारने देशभर १४५६७ ह्या क्रमांकाची दूरध्वनी-सेवा चालविली आहे. सकाळी आठ ते रात्री आठ ती चालू असते, पैसे पडत नाहीत, आणि आपल्या भाषेत बोलता येते. जीव धोक्यात असेल तर मात्र वाट न पाहता ११२ फिरवावा. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, दुसऱ्या राज्यात घडली असली, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठविता येत नाही. हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आमच्या माणसांना जन्मभर "तुमचं तिकडे जा" एवढेच ऐकावयाची सवय आहे.

आम्ही १४५६७ वर बोललो. मग मुलीच्या वहीच्या नकला जोडून प्रांतांना आणि जिल्हा समाज सुरक्षा अधिकाऱ्यांना अर्ज केले आणि त्यांची पोच घेतली. एका कचेरीत, आपण कोण, म्हातारीचे नातेवाईक का, असा प्रश्न झाला. नव्हे, असे उत्तर दिले. मग आपला संबंध काय? ह्या प्रश्नास त्या वेळी आम्हांस नीट उत्तर सुचले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी आमचा अर्ज बाजूस ठेवून पुढच्या आठवड्यात या म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात नाही, उद्याच जाऊ." संत लूकाच्या शुभवर्तमानातील ती विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी कशी खेटे घालीत असेल, ते आम्ही प्रत्यक्ष पाहिले. सहाव्या दिवशी अधिकारी, एक महिला पोलीस आणि सरकारी डॉक्टर त्या घरी गेले.

कळविल्यावरही पाठपुरावा लागतो, ही काही आपल्याच देशाची रीत नव्हे. इंग्लंडात ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे मतिमंद प्रौढांचे एक खाजगी रुग्णालय होते. तेथील टेरी ब्रायन नावाच्या ज्येष्ठ परिचारकाने रुग्णांना होणारी मारहाण प्रथम वरिष्ठांना आणि मग देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाला पुनःपुन्हा लिहून कळविली. कोणी हलले नाही. अखेर तो बीबीसीकडे गेला, मे २०११ मध्ये ती दृश्ये सर्व देशाने पाहिली, रुग्णालय बंद झाले, अकरा कर्मचारी दोषी ठरले आणि त्यांपैकी सहा जण तुरुंगात गेले. आपल्याकडे तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रमास आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. त्या साखळ्या आदल्या दिवशीही होत्या, आदल्या वर्षीही होत्या. यात्रेकरू येत-जात होते. अगदी अलीकडे, जून २०२५ मध्ये, दिल्लीजवळ नोएडा येथील एका वृद्धाश्रमात उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगाच्या सदस्या पोलिसांसह गेल्या, तेव्हा कोंडलेली आणि बांधलेली म्हातारी माणसे सापडली. हात बांधलेल्या एका वृद्धेचे चित्रण कोणीतरी बाहेर काढले होते, म्हणून ते दार उघडले गेले.

आपल्या संस्थांत असे होत नाही, असे म्हणून कोणी समाधान मानू नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये कांचीपुरम जिल्ह्यातील एका आश्रमाच्या गाडीतून वृद्ध स्त्रीचा आक्रोश वाटसरूंनी ऐकला. गाडी थांबविली, तर आत एका मृतदेहाशेजारी दोन जिवंत वृद्ध होते. आश्रम आमच्याच एका धर्मगुरूंनी चालविलेला. चालकांनी आरोप नाकारले. अधिकाऱ्यांनी तेथील माणसे अन्यत्र हलविली. दोष कोणाचा आणि किती, हे आम्ही ठरवीत नाही. परंतु ज्या वाटसरूंनी गाडी थांबविली, त्यांनी ती कोणत्या धर्माची आहे हे पाहून थांबविली नसावी. आणि सेवेच्या घरातही अन्याय घडू शकतो, ह्याची साक्ष संतांच्या चरित्रातच आहे. फ्रान्समध्ये १८३९ साली एका आंधळ्या वृद्धेला स्वतःच्या बिछान्यावर निजवून संत झान जुगान ह्यांनी ज्या धर्मभगिनी-संघाचा पाया घातला, तो आज गरीब म्हाताऱ्यांची सेवा जगभर करीत आहे. पण त्या संघाच्या धर्मगुरू-संचालकाने संस्थापकाचा मान स्वतःकडे घेतला आणि ह्या माउलीला शेवटची २७ वर्षे बाजूस ठेवले. १८७९ साली ती वारली, तेव्हा बहुतेक तरुण भगिनींना ती संस्थापिका आहे हे ठाऊकही नव्हते. पुढे रोमने चौकशी करून १८९० साली त्या संचालकास दूर केले. २००९ साली झान जुगान संतपदास पोहोचल्या. चौकशीने संघ बुडाला नाही.

आमच्या लोकांस तक्रार करणे म्हणजे चहाडी वाटते. आठव्या आज्ञेचा दाखला देऊन एका वडीलधाऱ्याने आम्हांस विचारलेही, "फादर, तुम्हीच शिकवता ना, परनिंदा करू नये?" शिकवतो. योग्य कारणावाचून दुसऱ्याचे दोष ज्यांचा संबंध नाही त्यांना सांगणे ही निंदा होय. ज्यास ते दोष थांबविण्याचा अधिकार आहे त्याच्याच कानी ते घालणे, आणि पाणवठ्यावर मात्र एक शब्द न बोलणे, ही निंदा नव्हे. आम्ही पाहतो ते बहुधा ह्याच्या उलट असते: पाणवठ्यावर सर्वांस ठाऊक, कचेरीत कोणी जात नाही.

त्या घरी गेलेल्यांना काय सापडले? दोन माणसे बांधलेली, त्यांपैकी बा एक. औषधांची वही नव्हती. बाला सरकारी इस्पितळात नेले. तिच्या मुलाला बोलाविले. तो हिऱ्यांचा कारागीर, चाळिशीचा. दिवसभर भिंगातून बारीक खडे पाहून डोळे ओढलेले. आम्ही सिस्टरांबरोबर तेथे गेलो होतो. डॉक्टरांनी त्याला आईची पाठ दाखविली, तेव्हा तो भिंतीला धरून खाली बसला. "साहेब, मी दर रविवारी जात होतो," तो म्हणाला. "पैसे कधी चुकवले नाहीत. पण चादर कधी उचलली नाही."

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात शेवटी एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे त्या दिवशी आमचे लक्ष प्रथमच गेले. तो घायाळ माणसाला उतारशाळेत ठेवतो, उतारशाळेवाल्यास दोन दिनार देतो आणि जादा खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगतो. तो परत येणार आहे, हे उतारशाळेवाल्यास माहीत आहे. कोणत्या दिवशी येईल, हे मात्र ठाऊक नाही. ज्यांची माणसे अशा घरांत आहेत, त्यांनी ठरलेल्या वारी जाऊ नये. जेवणाच्या वेळी जावे, रात्री जावे, चादर उचलावी, पाठ पाहावी, पाय पाहावेत, आणि आयेशी दोन शब्द बोलावे. आमच्या मुलीशी त्या दोन वर्षांत कोणाही नातेवाइकाने काही विचारले नव्हते.

बा इस्पितळात एकोणीस दिवस जगली. जखमा जुन्या होत्या, असे डॉक्टर म्हणाले. आमच्या त्या तीन आठवड्यांनी आणि मालकांना दिलेल्या भेटीने काय फरक पडला, हे आम्ही त्यांना विचारले नाही. हात मोकळे झाल्यावर ती उजव्या हाताने चादरीचा काठ चाचपीत असे. मुलगी तिला भेटावयास गेली, तेव्हा तो हात तिने धरून ठेवला. त्या घरास नोटीस मिळाली. ते बंद झालेले नाही. चौकशी चालू आहे आणि मालक म्हणतात की सर्व आरोप खोटे आहेत. मुलीचा अडकलेला पगार सात महिन्यांनी मिळाला. ती आता सिस्टरांच्या दवाखान्यात आहे आणि परिचारिकेच्या शिक्षणास जाण्याची तयारी करीत आहे. आपले नाव सोडून सर्व छापावयास तिने आनंदाने संमती दिली. ती म्हणाली, "तुमची चूक पण लिहा हं, फादर."

परवा, प्रायश्चित्तकाळातल्या एका शुक्रवारी, क्रुसाची वाट आटोपून आम्ही दिवे मालवीत होतो. शेजारच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मावशीला एका शहरात अशाच घरी ठेवले होते. दुपारी ते तेथे गेले, तेव्हा तिच्या मनगटांवर वळ दिसले. "फादर, तुम्ही एकदा जाऊन त्या लोकांशी बोलाल का? तुमचा शब्द ते ऐकतील." आम्ही प्रथम विचारले, तिच्या जिवाला आज रात्री धोका वाटतो काय? नाही, आपला भाऊ उद्यापर्यंत तिच्यापाशी बसून आहे, असे ते म्हणाले. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटे झाली होती. त्यांना जेवू घातले, एक वही दिली, आणि ओटीवर अंथरूण टाकून दिले. सकाळी आठाच्या ठोक्याला त्यांनी स्वतः १४५६७ फिरविला. आम्ही शेजारी बसून होतो.